बॅगांपाशी बसून पाहिलेलं अल्माटी

तुमच्या ग्रुपमध्ये बॅगांपाशी कोण बसतं?

जरा आठवून बघा. असतंच कोणीतरी. सगळे पॉइंट बघायला पळतात आणि एक बाई बाकावर बसून दहा पिशव्यांवर लक्ष ठेवते. आमच्या क्वेकर्स हिल या उपनगरातल्या मराठी ग्रुपमध्ये ती बाई म्हणजे मी! असे किस्से एकेकटे आले तर माणूस हसून सोडून देतो. पण ते साचत जातात हो. आणि एक दिवस कोंबलेलं कपाट उघडावं तसे सगळे एकदम अंगावर येतात.

* * *

सुरुवात माझ्याच तोंडाने झाली. सात वर्षांपूर्वी आम्ही चार जोडपी ब्लू माउंटन्सला गेलो होतो. पायऱ्या उतरायच्या वेळी मी म्हटलं, "आज जरा गुडघा दुखतोय गं."

बस्स, एवढंच! गुडघा दोन दिवसांत बरा झाला. पण ग्रुपमध्ये तो अजून दुखतोच आहे!

नीलिमा आमची लीडर. पॅरामॅटाला आयटी मॅनेजर आहे, ट्रिपचं एक्सेल तीच करते. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे रिमार्कचा कॉलम असतो. कोणी व्हेजिटेरियन, कोणाला गाडी लागते. माझ्या नावापुढे लिहिलंय, 'गुडघा'. प्रत्येक नवीन ट्रिपला ती जुनीच शीट कॉपी करते, त्यामुळे गुडघाही कॉपी होतो.

* * *

एकदा मी याचा निकाल लावायचं ठरवलं. आम्ही टूवूंब्याला फुलं बघायला गेलो होतो. तिथल्या हॉस्पिटलात माझ्या नवऱ्याचा, सुधीरचा, मित्र आहे. अजित. हाडांचा डॉक्टर. त्याच्या घरी सगळे चहाला जमले असताना मी मुद्दाम त्याच्यासमोर पाय पुढे केला.

अजितने गुडघा वाकवून, दाबून, फिरवून बघितला. "वहिनी, एकदम फर्स्ट क्लास! माझ्यापेक्षा चांगला आहे."

मी सगळ्यांकडे बघितलं. आता बोला!

नीलिमा सुधीरच्या कानाशी वाकून म्हणाली, "डॉक्टरांना असा धीर द्यावाच लागतो रे."

त्या दुपारी बागेतल्या बाकावर मी होते आणि सात जॅकेटं होती. फुलं होती, पण माझ्या पाठीमागे.

* * *

आणि अल्माटी तर माझी आयडिया होती! मी चाइल्डकेअरच्या किचनमध्ये काम करते. घरापासून चाळीस मिनिटं चालत जाते, चालत येते. हे एक्सेलमध्ये नाही! तर तिथे लंचब्रेकला एक व्हिडिओ बघितला. शहरातला साधा रस्ता, ट्रॅफिक, झाडं, आणि रस्त्याच्या टोकाला एकदम बर्फाचा डोंगर. कुठल्याही रस्त्यावरून मान वर करा, डोंगर हजर! मी तो ग्रुपवर टाकला. कोणी काही बोललं नाही.

महिनाभराने नीलिमाने तोच व्हिडिओ ग्रुपवर टाकला. "गाइज, कसली भारी जागा शोधलीय मी!"

आठ जणांच्या ग्रुपमध्ये चौदा अंगठे आणि हार्ट आले. त्यातलं एक हार्ट सुधीरचं होतं!

* * *

अल्माटीत पहिल्याच दिवशी कोक-तोबे. शहराला लागून टेकडी आहे, वर केबल कारने जातात. मी रांगेत उभी राहिले, तेवढ्यात नीलिमाने स्वतःची पर्स माझ्या गळ्यात अडकवली. "तू बस ना इथे खाली. उगाच त्रास."

मी म्हटलं, "अगं, केबल कारला गुडघा कशाला लागतो?"

"वर गेल्यावर चालावं लागतं ना! आम्ही तुझ्यासाठी फोटो काढून आणतो."

आणले. वरून सगळं शहर, मागे डोंगर, मोठा आकाशपाळणा, आणि सगळ्यांचे उडालेले केस. एका फोटोत तर नीलिमा बोटाने खाली दाखवतेय. मला म्हणाली, "हे बघ, हा ठिपका म्हणजे तू!"

आणि वर आणखी, "काय मिस केलंस वंदना! यायला हवं होतंस."

* * *

दुसऱ्या दिवशी तिथला मोठा बाजार. सुकामेवा, मध, सफरचंदांचे ढीग. तिथे तर चढ नाही, पायरी नाही! पण सगळे म्हणाले, बॅगा घेऊन गर्दीत कुठे फिरायचं. म्हणून मी अक्रोडाच्या गाळ्याशेजारी, भोवती आठ बॅगा मांडून उभी.

दिल्लीचं एक कुटुंब आलं. त्यातल्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, बॅगांकडे बघितलं, आणि विचारलं, "भाभीजी, अखरोट कैसे दिए?"

मी तरी काय करणार! गाळेवाल्याला खुणेने विचारून सांगितला भाव. त्यांनी दोन किलो घेतले. गाळेवाल्याने खूश होऊन मला मूठभर जर्दाळू दिले. सात वर्षांत बॅगा सांभाळल्याबद्दल कोणी पहिल्यांदाच काही दिलं!

संध्याकाळी हा किस्सा नीलिमाने सगळ्यांना हसून हसून सांगितला. माझ्या आधी.

* * *

तिसऱ्या दिवशी मेदेऊ. डोंगरात उंचावर बर्फावर घसरायचं मोठं मैदान आहे आणि त्याच्या वर एक धरण. धरणावर चढायला सरळ जिना. आमची गाइड आयगेरिम, विशीतली गोड मुलगी, म्हणाली, "आठशे बेचाळीस पायऱ्या."

मी मान वर केली. वर बर्फाचे डोंगर, व्हिडिओतलेच! मी म्हटलं, "सुधीर, मला चढायचंय."

"वेडी आहेस का? गुडघ्याची वाट लागेल. हे धर जरा." आणि जॅकेट माझ्या हातात.

सात जण चढायला लागले. तीन वर पोचले. सुधीर निम्म्यावरून परत आला, चेहरा लालबुंद. नीलिमा दोनशेव्या पायरीवर बसली, तिथेच सेल्फी काढला आणि ग्रुपवर टाकला: 'टॉप!'

मी खाली बाकावर. डोक्याला रुमाल बांधलेल्या एक आजी जिना उतरून आल्या आणि शेजारी बसल्या. पिशवीतून दोन सफरचंदं काढली, एक मला दिलं. मग बॅगांकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

आयगेरिम म्हणाली, "त्या विचारतात, या सगळ्या बॅगा तुमच्या का?"

"नाही."

"मग तुम्ही इथे का, म्हणतात."

मी सुधीरच्या जॅकेटची घडी घातली. आजी आणखी काहीतरी बोलल्या. आयगेरिम म्हणाली, "या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. दर रविवारी चढतात."

सफरचंद खावंसं वाटेना. पर्समध्ये ठेवलं. थोड्या वेळाने आयगेरिमला विचारलं, "शहरातून इथे बस येते?"

"येते ना. बारा नंबर. तुमच्या हॉटेलच्या पुढच्याच चौकातून."

* * *

शेवटच्या संध्याकाळी जेवताना नीलिमाने प्रोग्रॅम वाचला. विमान दुपारचं. सकाळी आठला चेकआउट, बॅगा लॉबीत, आणि सगळ्यांनी चॉकलेटं घ्यायला परत बाजारात.

कोणीतरी विचारलं, "आणि बॅगा?"

"वंदना आहे ना!"

माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. सुधीर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "हो, ती बसेल."

जेवण झाल्यावर रिसेप्शनवरच्या मुलीला पहिल्या बसची वेळ विचारली, स्वतःची बॅग भरून तिला कुलूप लावलं आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता लॉबीत आठ बॅगा होत्या, सात माणसं होती, आणि मी मेदेऊच्या आठशे बेचाळिसाव्या पायरीवर बसून सफरचंद खात होते.