आरशावरचे जिल्हे

आखातातल्या करामा भागातल्या एका सलूनमध्ये मी सकाळी दाढीला बसलो होतो. टीव्हीवर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे निकाल येत होते आणि रत्नागिरीकडचा तो न्हावी वस्तरा हातात धरून जागच्या जागी नाचत होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

"बघितलंत साहेब? बहुतेक राज्यांत जो पुढे, त्यालाच त्या राज्याची सगळी मतं. खलास!" त्याने बोटावर फेस घेऊन आरशावर चौकोन काढला, त्याचे तुकडे पाडले. "पूर्वी काही राज्यांत जिल्हावार प्रतिनिधी निवडायचे आणि ते राष्ट्राध्यक्ष निवडायचे. हा जिल्हा याचा, तो त्याचा. छोट्या जिल्ह्यालाही आवाज!"

"तुम्हाला एवढं काय त्याचं?" मी हसून विचारलं.

"अख्ख्या गावाने मिळून निवडलं असतं, तर आमच्या मोहल्ल्याला कोण विचारतो? प्रभाग आहेत म्हणून बायको ग्रामपंचायतीला उभी आहे. शुक्रवारी मत द्यायला गावी चाललोय, इन्शाल्ला!"

पंधरा दिवसांनी गेलो, तर दारातच त्याने माझा हात धरला.

"चार मतांनी आली साहेब! त्यातलं एक माझं!"

खुर्चीत बसल्यावर मी आठवत राहिलो, आपण शेवटचं मत कधी दिलं होतं?