तू काय खाल्लंस आज?

घरात खायला नव्हतं, तेव्हा आमच्या मोठीमायला कुणी पथ्य सांगितलं नाही. मोठीमाय म्हणजे माझी थोरली काकू. निलंग्याकडच्या आमच्या गावात ती सगळ्यांच्या मागून जेवायची. दुरडीत भाकरी उरली तर भाकरी, नाहीतर कढई पुसून घेतलेलं कोरड्यास, म्हणजे कालवण. तेव्हा तिच्या ताटात डोकावायला एकही शहाणा आला नाही. पुढं बोअरला पाणी लागलं, म्हैस आली, घरात डाळी दिसायला लागल्या. आणि त्याच सुमारास सकाळी उठल्यावर तिची बोटं वळेनाशी झाली. मग मात्र जो तो तिला काय खाऊ नको ते सांगायला यायला लागला. याचा राग मला आजही आहे आणि तो मी लपवणार नाही.

मोठीमायच्या तोंडाचा गावाला धाक होता. पथ्य सांगणाऱ्याला ती सगळं बोलू द्यायची आणि मग एकच विचारायची, "तू काय खाल्लंस आज?" एकदा शेजारची म्हातारी म्हणाली, "वांगं सोड बाई, वात हाय तुला." मोठीमायनं विचारलं. म्हातारी चाचरली, "सुनेनं वांगंच केलतं की." "मग जा, हात धू जा आधी!"

पण ती तोंडानं जिंकायची आणि ताटात हरायची. कारण मोठेबाबा, म्हणजे तिचा नवरा, एका पुडीवाल्याच्या नादी लागले होते. तालुक्याला बसणारा हा माणूस नाव नसलेल्या पांढऱ्या पुड्या द्यायचा. पहिल्याच पुडीनं बोटांची सूज उतरली आणि आमच्या घरानं त्याला देव करून टाकलं. देव म्हणाला, ज्वारी कोरडी, बंद. डाळ वातूळ, बंद. ताक आंबट, ते तर अजिबात नाही. राहिलं काय? साबुदाणा, पांढरा भात, चहा आणि बिस्कुट. तिचं तोंड फुगून गोल झालं तर बायका म्हणायला लागल्या, अंग धरलंय. कशाचं अंग! हातापायांच्या काड्या झाल्या होत्या.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, तर माझं डोकं फिरायचं. आमच्याकडं येळवशीला सगळं घर शेतात जेवतं आणि आंबील असायची मोठीमायच्या हातची. ज्वारीच्या पिठाची पेज ताकात आंबवायची, आलं-लसूण लावायचं, हे दुसऱ्या कुणाला जमायचंच नाही. कडब्याच्या खोपटापुढं पंगत बसायची, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीवर भज्जी, बाजरीच्या उंड्यांवर उंडे, तांब्यावर तांब्या आंबील. आणि जिनं केली ती बाजूला साबुदाणा चिवडत बसलेली. "मोठीमाय, घोटभर घे," म्हटलं की मोठेबाबा माझ्यावर डोळे काढायचे.

मी लातूरला सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलं. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, हे मी कुणी न विचारता सांगते. पदवी काही भिंतीवर टांगायला घेतली नव्हती. एक दिवस मोठेबाबा शेताकडं गेले आणि मी मोठीमायला सरळ यष्टीत बसवून लातूरला संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

बाईंनी रक्त तपासलं, पुडी बघितली आणि कपाळाला हात लावला. "यात स्टेरॉइड असणार. पण एकदम सोडू नका, मी हळूहळू उतरवते." मग म्हणाल्या, "शरीराची राखण करणाऱ्या पेशीच तुमच्या सांध्यांवर उलटल्यात."

"म्हंजे घरचंच माणूस मारायलंय म्हणा की," मोठीमाय म्हणाली. बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

जेवणात काय असतं ते ऐकून बाईंचंही हसू गेलं. त्या म्हणाल्या, पोटात आपल्या कामाचे असंख्य जिवाणू असतात आणि ते भाकरी, डाळी, पालेभाज्या यांच्या चोथ्यावर जगतात. त्यांचा आणि या राखणीचा संबंध आहे एवढं कळलंय. नेमका कसा, ते अजून शोधतायत. त्यामुळे आजार आवरायचा तो गोळ्यांनीच. "पण ज्यानं तुम्हाला त्रास होत नाही, ते खायचं का सोडलंत?"

मोठीमायनं आपल्या पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "पोटात एवढे पाव्हणे, अन् मी त्यांला च्या-बिस्कुटावर ठिवलं?"

घरी रणकंदन झालं. मोठेबाबा माझ्याशी बोलेनात. मोठीमायनं गोळ्या सुरू केल्या, पण पुडीवाल्याच्या भीतीनं म्हणा, नवऱ्याच्या म्हणा, ताक काही ओठाला लावलं नाही. तशात पुढची येळवस आली आणि पुडीवाला कमी होता म्हणून डबावाला उगवला. डबावाला म्हणजे आमचाच चुलतभाऊ. जिवाणू हा शब्द त्यानं मोबाईलवर ऐकला होता आणि तेवढ्या भांडवलावर तो पावडरीचे डबे विकत होता. भर पंगतीत म्हणाला, "काकू, आता गोळ्या सोडा. रोज ह्यो एक चमचा, पोटात सगळे चांगले जिवाणू. अन् हे आंबीलबिंबील बंद."

बोलताना त्याच्या गालात भज्जी होती आणि मिशीला आंबील.

मोठीमायनं त्याच्याकडं नीट बघितलं. "बापू, तू काय खाल्लंस आज?"

पंगत फुटली हसून. तो मिशी पुसायला लागला तसं हसणं आणखी वाढलं. मोठेबाबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी स्वतःचा तांब्या भरला आणि तिच्यापुढं सरकवला. "घे."

"आधी सरका तिकडं. मला पंगतीत बसू द्या."

ती बसली. वाकड्या बोटांनी दोन्ही हातांत तांब्या धरून प्याली, आणि पुन्हा पुढं केला.

गेल्या भादव्यात मोठीमाय हृदयाच्या झटक्यानं गेली. भेटायला आलेली एक बाई पदर डोळ्याला लावून म्हणाली, "कायबी खायला लागली होती म्हणं, तेच भोवलं." मी उठले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही काय खाल्लंत आज?"

बोटं शेवटपर्यंत वाकडीच राहिली. पुड्यांनी खाल्लेली वर्षं कुणी परत दिली नाहीत. पण गेली त्या दुपारी ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि वाटीभर ताक घेऊन ती आडवी झाली होती. मोठीमाय उपाशी गेली नाही.