डेरिकच्या गाडीतली सीट

माझा नवरा डेरिक रॉचडेलच्या बसडेपोत मेकॅनिक आहे. दिवसभर बसखाली आडवा असतो आणि घरी आला की गॅरेजात स्वतः बनवत असलेल्या रेसच्या गाडीखाली. लग्न झालं तेव्हा म्हणाला होता, "मॅव्हिस, पुढच्या उन्हाळ्यात रेसला उतरतोच बघ." त्यानंतर आमच्या पोरीचं लग्न झालं, याचे गुडघे गेले, गाडी आपली आहे तिथेच.

मी इस्पितळाच्या धुलाईघरातून पाय ओढत यायचे, की याची हाक. "अगं, जरा आत बस. मला बाहेरून माप बघायचंय." मी कोटासकट बसायचे. पेडल बसवताना मी, स्टिअरिंग लावताना मी. सीटसाठी त्याने कचऱ्याच्या पिशवीत पातळ फोम ओतला, तेव्हाही तो अंगाचा आकार घेऊन घट्ट होईपर्यंत त्यावर मीच बसले, आणि बसल्या बसल्या झोपले.

काल गाडी पुरी झाली. डेरिक हेल्मेट घालून ऐटीत आत उतरायला गेला, तर गुडघे स्टिअरिंगखाली जाईनात आणि ढुंगण सीटमध्ये मावेना.

"ही तर तुझ्या मापाची झाली!" तो ओरडला. "इतकी वर्षं आत बसत होतीस, तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तू कधी विचारलंस?"

तो उपड्या बादलीवर मटकन बसला. "आता सगळं कापावं लागणार. आधी सीट."

"स्टिअरिंग काप, पेडल काप," मी म्हटलं. "सीटला हात लावलास तर याद राख. दमून आल्यावर पाठ टेकायला या घरात मला तेवढी एकच जागा आहे."