मागावरचा जावई

आणीबाणीत काका सोलापूरच्या तुरुंगात होते. भेटीच्या रांगेत माझ्यापुढे नेहमी एक विणकराची मुलगी असायची. तिचा प्रियकर सिनेमाच्या तिकिटावरून मारामारी करून आत गेला होता. तिच्या वडिलांना हातमागावर बसणारा जावई हवा होता आणि याला साधी गाठ मारता येत नव्हती. तुरुंगात त्याला नेमकं मागावरच बसवलं.

एकदा फाटकाजवळच्या कैद्यांच्या मालाच्या दुकानातून तिनं टॉवेल घेतला. सगळ्यांत वाकडा, म्हणजे त्याचाच. उन्हात धरून तिनं तो वडिलांच्या नजरेनं निरखला, किनार चिमटीत ओढली आणि तिला रडूच कोसळलं.

"सुटका लांबली का?" मी विचारलं.

"न्हाई की. उद्याच सोडतायत," ती म्हणाली, "आन् किनार अजून वाकडीच येतीया."