उपाशी उंदरांना मोदक

त्या सकाळी अमरावतीच्या प्रयोगशाळेत मी नाचायचंच काय ते बाकी होतं. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तातली चरबी वाढते का, आणि अर्जुनसालीच्या अर्काने ती आटोक्यात राहते का, हा माझा पीएचडीचा विषय. पांढऱ्या उंदरांच्या माद्यांना दोन महिने गोळ्या दिल्या होत्या, निम्म्यांना वर अर्कही. आज रक्त तपासायचं होतं. 'या खेपेला काही हाती लागलं नाही, तर विषय बदला,' असं सरांनी बजावलं होतं.

रक्त यंत्रात फिरवून नळ्या बाहेर काढल्या. वर सुटलेलं सीरम, म्हणजे रक्तातलं पातळ पाणी, निदान अर्कवाल्यांचं तरी नितळ असेल, असं वाटलं होतं. सगळ्याच नळ्यांत दुधासारखं पांढरं! माझं डोकंच फिरलं. तेलकट-तुपकट खाल्ल्यावर सीरम असं दिसतं, आणि हे उंदीर तर रात्रभर उपाशी होते.

पहाटेच अकोल्याहून आई आली होती, गणपतीचा प्रसाद घेऊन. तिला पिंजऱ्यांपाशी बसवून मी तयारीला गेले होते. तिचा डबा आता रिकामा होता.

"गणपतीत उंदरायले उपाशी ठेवतं काहून वं? मले पाहवलं नाही. म्या देल्ले मोदक."

तळलेले, खोबऱ्याचे! मी तिच्यावर अशी कडाडले, की बिचारी मुकाट्याने माझ्या खोलीवर मुक्काम टाकून बसली.

पुढच्या आठवड्यात उंदरांना पुन्हा रात्रभर उपाशी ठेवून रक्त काढलं. नुसत्या गोळ्यांच्या नळ्या गढूळ आणि अर्काच्या नितळ! मी किंचाळलेच. आकडेही तेच म्हणाले. "उंदरांत झालं म्हणजे बायकांत होईलच असं नाही," सर म्हणाले, पण हसत होते. "विषय चालू ठेवा."

संध्याकाळी खोलीवर मी आईला गरागरा फिरवलं. तिने विचारलं, "उंदरायले कोणत्या गोळ्या देल्ल्या वं?"

"मी घेते त्याच." लग्नाला वर्ष झालं होतं, मूल पीएचडीनंतर, हे तिला ठाऊक होतं.

"अन तुह्यं रक्त कधी पाह्यलं?"

कधीच नाही. विषय टाळायला मी जेवणाचं ताट पुढे ओढलं. जिला उंदरांची भूकही बघवली नव्हती, त्या माझ्या आईने ते उचलून फळीवर ठेवलं.

"सकाळपावतर उपाशी राय."