मुरलेलं पाणी

"भाऊसाहेब, वास येतो का बघा बरं," असं म्हणत मावशी दोन्ही तळवे माझ्या नाकासमोर धरायची. मी रोपवाटिकेत कारकून. समोर हजेरीपट, हातात चहा. मी म्हणायचो, "येतो की! पार नेवाशाच्या पुलापर्यंत जातोय." ती हसायची आणि हौदावर जाऊन पुन्हा राखेनं हात घासायची.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. रोपवाटिका नेवाशाच्या अलीकडे, आणि मावशी तिथली सगळ्यात जुनी मजूर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काम सगळं तीच ओढतात आणि हजेरीपटावर त्यांचं नाव तळाला असतं.

शेडच्या मागं तिचं निळं पिंप होतं. कुंपणाच्या गिरिपुष्पाचा पाला कोयत्यानं बारीक करून ती पोत्यात भरायची आणि दगड बांधून पाण्यात बुडवायची. वीस-बावीस दिवसांनी रोपांच्या खताचं काळं पाणी तयार व्हायचं. झाकण उघडलं की माझा चहा घशातच अडकायचा. एकदा मी म्हणालो, "मावशी, पाला कुजला वाटतं तुमचा."

कोयता खाली ठेवून ती माझ्याकडे वळली. "कुजलं म्हनू नका, भाऊसाहेब. कुजतं ते फेकायचं आसतं. ह्ये मुरलंय. लोनचं मुरतं तसं."

हे पाणी ती रोपांना कधी नुसतं घालत नसे. "एका मगाला धा मग पानी. तसंच घातलं तर जळून जाईल की लेकरू," असं प्रत्येक नव्या मजुराला ऐकवायची. लेकरू म्हणजे पिशवीतलं रोप. एकदा मोठे साहेब पाहणीला आले. लिंबाची, चिंचेची रोपं बघून खूश झाले, पण नाकाचा रुमाल काही काढला नाही. ते गेल्यावर मावशी म्हणाली, "रोपं बघाया आलं हुतं का पिंप हुंगाया?"

तिची एकुलती लेक मिरजगावला दिलेली होती. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. माहेर म्हणजे रोपवाटिकेतलीच एक खोली. मुलगी झाली. मावशीनं मला दोन पेढे दिले आणि लगेच तळवे पुढं केले. "आता बघा बरं नीट."

त्या दिवसांत ती चार-चारदा यायची. लिंबाची साल झाली, शिकेकाई झाली, राख तर रोजचीच. मी आपला दरवेळी "येतो की!" मला थट्टेची खोड. खरं सांगायचं तर मी एकदाही नीट हुंगलं नव्हतं. बाळाला न्हाऊ घालायला तिनं शेजारची बाई लावली, तेव्हा मला वाटलं, कामातून सवड होत नसेल. सव्वा महिन्यानं लेक सासरी गेली.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला मावशी काविळीनं गेली.

दिवसकार्य उरकून लेक खोली आवरायला आली. कडेवर वर्षाची पोर. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "नातीला फार खेळवलं असेल मावशींनी."

"कुटलं खेळवतीय! आईनं तिला नुसत्या हातानं एकदा बी घेतलं न्हाई. हाताला पदर गुंडाळून धरायची, ती बी लांब. मी लई भांडले. म्हनायची, भाऊसाहेब म्हनत्यात वास येतो. शिकलेलं मानूस, खोटं कशाला बोलंल?"

मी कसंबसं विचारलं, "येत होता का वास?"

"आमाला काय ठावं? आईच्या हाताला आईचाच वास यायचा."

थट्टेत मी एक शब्द बोललो आणि नातीच्या अंगावर आजीचा उघडा हात कधी फिरलाच नाही. आजही कुणी माझ्यापुढं तळवा धरला की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

जाताना लेक शेडमागं थांबली. मावशीनं भरलेलं शेवटचं पिंप तसंच होतं. तिनं पिशवीतून रिकामी बाटली काढली. "जरासं द्या ह्यातलं."

मी झाकण उघडलं. कडेवरच्या पोरीनं नाक मुरडलं नाही. मी पिंपात मग बुडवला आणि सवयीनं म्हणालो, "बादली आणतो. एकाला दहा पाणी घालावं लागतं."

"नगं, भाऊसाहेब," ती म्हणाली. "रोपाला न्हाई न्यायचं. तसंच द्या."