पांढऱ्या गोळ्यांची बरणी

गणवेश शिवणाऱ्या त्या बाईला सगळे बटणमावशी म्हणत. निळ्या सदऱ्यावर जरा फिकं बटण दिसलं की ती उसवून टाकायची, मग गिऱ्हाईक दारात ताटकळत का राहीना! नजर मोठी पक्की. पण त्याच नजरेनं तिचा घात केला.

तीन वर्षांपूर्वी थोरली बहीण गेली आणि मावशीनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी नैराश्यावर निळी गोळी दिली, तेव्हा कुठे ती पुन्हा कामाला लागली. यंदा मात्र औषधवाल्यानं पांढऱ्या गोळ्या दिल्या. म्हणाला, "मावशी, हे जेनेरिक आहे." ही घरी येऊन म्हणते, "रंगच जुळत नाही, तर औषध काय जुळणार?" आणि गोळ्या गेल्या बटणांच्या रिकाम्या बरणीत. अहो, एकदा विचारायचं तरी!

आठवडाभरात मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होऊ लागलं. मग एका भर दुपारी गेलेल्या ताईचं शिलाई मशीन सुरू झालं. आतल्या खोलीतलं, चादरीखाली झाकून ठेवलेलं. खटखट, खटखट, मग थांबणं, मग पुन्हा खटखट. मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगायचं तर तिला बरंही वाटलं. हातचं काम टाकून ती रोज दुपारी त्या दाराशी बसू लागली.

भाची भेटायला आली, तिनं बरणी पाहिली, कपाळावर हात मारला आणि मावशीला तडक डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "आतलं औषध तेच आणि तितकंच. रंग आणि नाव तेवढं वेगळं. ही गोळी अशी एकदम बंद करायची नसते."

"घेतली तर ताई जाईल गं," मावशी वाटेत रडायला लागली.

"आणि नाही घेतलीस तर तू जाशील," भाची म्हणाली.

मावशीनं गोळी घेतली. लगेच नाही, पण दोन-तीन आठवड्यांत मशीन अडखळू लागलं आणि एका दुपारी गप्पच झालं. मावशीनं धीर करून चादर उचलली. सुईखाली सदरा होता, बाही अर्धी शिवलेली. ताईची टीप कधी रेघेबाहेर जायची नाही. ही डावीकडे झुकत होती, मावशीची झुकते तशीच. म्हणजे इतके दिवस ती दाराशी बसलीच नव्हती.

उसवायला तिनं कात्री उचलली आणि खाली ठेवली. मग ताईच्या स्टुलावर बसली, शुद्धीत पहिल्यांदाच, आणि राहिलेली बाही शिवून पुरी केली.